नाकातलं शिसं

उजवा हात टेबलावर ठेवून, त्यावर डावा हात दाबून ते म्हणायचे, "बस रे बाबा, बस जरा." पहिल्या दिवशी मला वाटलं, मलाच सांगतायत. मी दारात चपला काढून उभी होते, ती पटकन समोरच्या खुर्चीत बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं, आणि हाताला म्हणाले, "बघ. पोरगी एका शब्दात ऐकते. शीक काहीतरी."

त्यांना कंपवात होता. उजवा हात जास्त हलायचा. घरी मुक्कामाला आलेल्या हट्टी पाहुण्याशी बोलावं तसे ते त्या हाताशी बोलायचे. कधी गोडीने, कधी वैतागून.

मी त्यांना काका म्हणायचे. नाव लिहीत नाही, कारण त्यांना विचारलेलं नाही आणि विचारायचा धीर होत नाही. घाटकोपरच्या डोंगरउतारावर आमची खोली, आणि पायऱ्या उतरून खाली आलं की काकांची सोसायटी. माझी आई त्यांच्याकडे पोळ्या करायला जायची. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. हे कळल्यावर काकूंनी आईला सांगितलं, "तिला दुपारची इथे पाठव अभ्यासाला. आमचा हॉल रिकामाच असतो." आमच्या खोलीत टीव्ही, शिलाई मशीन आणि माझी दोन भावंडं एकाच वेळी चालू असायची. म्हणून मी जायला लागले. काका मला 'कॉलेज' म्हणायचे. "काय कॉलेज, आज काय शिकवलं?" मी सांगायचे, आणि ते विमा ऑफिसात फाइल तपासावी तसं मान हलवत ऐकायचे. तिथूनच ते निवृत्त झाले होते.

आमच्या डोंगरावरून विमानं इतकी खालून जातात की बोलणं मध्येच थांबवावं लागतं. मी लहानपणापासून विमानं बघतेय, पण फक्त पोटाकडून. विमान वरून कसं दिसतं, ते मला काकांच्या टेबलावर कळलं.

ते विमान माळ्यावरून कसं आलं, हे काकू रंगवून सांगायच्या. डॉक्टरांनी नवी गोळी सुरू केली, काकांचा हात थोडा निवळला, आणि थोड्याच दिवसांत एका दुपारी ते स्टुलावर चढून माळ्यात डोकं घालून उभे. "मी धावत जाऊन स्टूल धरलं. म्हटलं, अहो, पडाल! तर आतून आवाज, सापडलं गं, सापडलं! मला वाटलं, सोनं सापडलं."

सापडलं होतं एक खोकं. चार इंजिनांच्या एका जुन्या प्रवासी विमानाचे प्लास्टिकचे सुटे भाग. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे, की फूटपट्टीएवढं हुबेहूब विमान तयार होतं. काका शाळेत असल्यापासून अशी विमानं बनवायचे. लग्नानंतरही काही वर्षं बनवली. मग मुलगी झाली आणि हे विमान अर्धवटच माळ्यावर गेलं. ती मुलगी आता पुण्यात असते, तिला स्वतःची मुलं आहेत. विमान मात्र होतं तसंच राहिलं. पोट चिकटवून बंद केलेलं, पंख सुटे, बाकीचं सगळं खोक्यात.

"सोडलं का मग तुम्ही?" मी एकदा विचारलं.

"हिला ग्लूचा वास सहन होत नव्हता."

"मी एक शब्द बोलले नव्हते," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"नाक दाबून फिरायचीस."

"नाक दाबणं म्हणजे बोलणं होतं का हो?"

हे भांडण मी इतक्या वेळा ऐकलं की दोघांची वाक्यं मला पाठ झाली होती. पण भांडता भांडता काकू त्यांच्या टेबलाजवळची खिडकी उघडून जायच्या, हेही मी पाहिलं आहे.

विमानावर लावायची नावं, पट्टे, चिन्हं एका कागदावर छापलेली होती. पाण्यात भिजवून ती विमानावर सरकवायची असतात. इतक्या वर्षांत तो कागद पिवळा पडला होता. काकांनी तो पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला चिकटवला. उन्हाने पिवळेपणा जातो म्हणे. आठवडाभर तो कागद रस्त्याकडे तोंड करून होता. काकू भाजी घेऊन आल्या त्या हसत हसत, "खालचे लोक विचारतायत, फ्लॅट भाड्याने द्यायचाय का?"

गोळी घेतल्यावर थोड्या वेळाने काकांचा हात शांत व्हायचा. या वेळेला ते 'उघडीप' म्हणायचे. "आली गं उघडीप," म्हणून ते टेबलाशी बसायचे. चिमट्याने विमानाच्या खिडकीच्या काचेएवढा, म्हणजे जवळजवळ न दिसणारा तुकडा उचलायचे, श्वास रोखून जागेवर ठेवायचे, आणि मग इतका मोठा सुस्कारा सोडायचे की माझं पुस्तकाचं पान उलटायचं. तुम्ही कुणाला इतकं मन लावून काम करताना पाहिलं असेल, तर तुम्हालाही माहीत असेल. त्यांच्या शेजारी बसलं की आपलंही काम आपोआप नीट होतं. त्या वर्षी मला बरे मार्क पडले, त्यात थोडा वाटा त्या टेबलाचा आहे.

मी एकदा भीत भीत विचारलं, "काका, बारीक तुकडे मी कापून देऊ का?"

"नाही," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "डॉक्टर म्हणतात, हे वाढत जाणार. किती वेगाने, ते सांगत नाहीत. म्हणजे शर्यत आहे, पण समोरचा कुठपर्यंत आलाय ते दिसत नाही. कॉलेज, तू पुढे शंभर गोष्टी करशील. मला या हातांनी एक पुरी करायचीय. तू हात लावू नकोस."

मी परत कधी विचारलं नाही.

पंख लागले, इंजिनं लागली. रंग झाला, वर पांढरा आणि खाली चंदेरी. उन्हाने उजळलेली अक्षरं पोटावर सरळ ओळीत बसली. शेवटी चाकं. पुढे एक, मागे दोन बाजूंना दोन. ती चिकटल्यावर काकांनी आम्हा दोघींना बोलावलं. आई पोळ्यांच्या पिठाच्या हाताने दारात येऊन उभी राहिली. काकांनी विमान टेबलावर ठेवलं आणि हात सोडला.

टक्. शेपटी टेबलावर आपटली आणि नाक वर गेलं.

त्यांनी नाक धरून खाली आणलं, सोडलं. टक्.

काकूंना हसू आलं. "अगं बाई, बसलं की! तुमच्यासारखंच, जेवण झालं की मागे टेकतंय." मग त्यांनी काकांचा चेहरा पाहिला.

काकांनी सांगितलं तेव्हा मला समजलं. अशा विमानाचे पंख आणि इंजिनं मागे झुकलेली असतात, सगळा भार मागे. म्हणून पोट बंद करायच्या आधी नाकात शिसं भरायचं असतं, तरच ते पुढच्या चाकावर उभं राहतं. विमानं बनवणाऱ्यांचा हा पहिला धडा. "मी टाकलं होतं," ते म्हणाले. "मी टाकलंच असणार. मी कधीच विसरायचो नाही." ते विमान कानाशी धरून हलवत राहिले, जसं काही आतून कुणीतरी ओ देईल.

इतक्या महिन्यांत एकदा जरी त्यांनी पोट बोटावर तोलून पाहिलं असतं, तर कळलं असतं. पण ते पोट त्यांनी तरुणपणी बंद केलं होतं, तेव्हाच्या न हलणाऱ्या हातांनी. त्या हातांवर त्यांनी संशय घेतलाच नाही.

"शेपटीखाली एक काडी लावा ना," काकू म्हणाल्या. "शोकेसमध्ये कुणाला दिसतंय?"

"मला दिसेल. टेकू लावून उभं केलेलं नको मला."

"बरं, मग राहू दे तसंच."

"आणि मी राहीन का असाच?" ते इतक्या जोरात ओरडले की आई आत निघून गेली.

शिसं आणायला मी त्यांच्याबरोबर मेट्रोने वर्सोव्याला गेले. एकट्याला काकू सोडेनात. कोळीवाड्याच्या तोंडाशी जाळी, दोऱ्या, गळ विकणारं एक दुकान होतं. गल्ल्यावर एक कोळीण मावशी होत्या. काकांनी बारीक गोळ्यांचं शिसं मागितलं.

"किती किलो देऊ?"

"पाच-सहा ग्रॅम पुरे."

मावशींनी हातातली दोरी खाली ठेवली. "पाच ग्रॅम? एवढ्याशा शिशाने कुठला मासा धरणार रे बाबा तू?"

"विमान आहे," काका गंभीरपणे म्हणाले.

"मग जास्त ने!" मावशींनी मूठभर गोळ्या कागदात बांधून दिल्या. परतताना मेट्रोत काका ती पुडी दोन्ही हातांत धरून बसले होते. पुडीतून खुळखुळ आवाज येत होता आणि समोरचं एक बाळ टक लावून बघत होतं.

पण गोळ्या आत घालायच्या तर रंगवलेलं, पूर्ण झालेलं नाक कापून काढायचं होतं. ब्लेडने, थोडं थोडं, प्लास्टिकला तडा न जाऊ देता. एका उघडिपीत होणारं काम नव्हतं ते. मध्येच हात सुटला तर सगळं गेलं. काका चिडचिडे झाले. बेल वाजली तरी दचकायचे. माझ्याकडे बघून 'कॉलेज' म्हणेनासे झाले. त्यांची मान आणि खांदे एका वेगळ्याच तऱ्हेने झुलायला लागले, वाऱ्यात उभं असल्यासारखे. हात मात्र आश्चर्य वाटावं इतका वेळ शांत राहायचा. नाक कापून झालंही. भोक पाडलेल्या अंड्यासारखं ते विमान टेबलावर पडलं होतं.

एका दुपारी काकू बाहेर गेल्या होत्या. मी वाचत होते. काका म्हणाले, "त्याला जरा बाजूला व्हायला सांग. उजेड अडतोय."

"कुणाला, काका?"

"खिडकीपाशी उभा आहे त्याला. मघापासून सांगतोय, ऐकत नाही."

खिडकीपाशी कुणी नव्हतं. मी उठून तिथे गेले, पडदा सरकवला. आणखी काय करावं, सुचलं नाही. काका म्हणाले, "हं, आता ठीक," आणि रंगाच्या बाटल्यांच्या मागून गोळ्यांची पट्टी काढून त्यांनी एक गोळी पाण्याशिवाय गिळली. मला आठवलं, जेवणानंतरची गोळी काकूंनी माझ्यासमोर दिली होती.

काकू आल्याबरोबर मी जिन्यातच त्यांना सगळं सांगितलं. त्यांच्या हातातली पिशवी मी घेतली, कारण ती सुटायला आली होती.

"फितूर झालीस," काका दुसऱ्या दिवशी म्हणाले. त्यानंतर बरेच दिवस बोलले नाहीत.

डॉक्टरांकडे काकूंनी मलाही नेलं. "तू कॉलेजात आहेस, तुला त्यांचं इंग्रजी कळेल." मला कळेल की नाही, याची मला खात्री नव्हती. पण डॉक्टर मराठीतच बोलले, आणि सगळं कळलं. जास्तीच्या गोळ्यांनी असे भास होतात, हे त्यांनी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "घरी दिवसभर काय करता?"

काकूंनी विमानाचं सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हे कधी सुरू झालं? ती नवी गोळी सुरू व्हायच्या आधी, की नंतर?"

 मग काकू हळूच म्हणाल्या, "नंतर."

"मी शाळेत असल्यापासून करतोय," काका म्हणाले.

"आणि मधली वर्षं?"

"मधली वर्षं ऑफिस होतं."

डॉक्टर चांगले होते. सावकाश बोलले. त्या गोळीने काही जणांना एखाद्या गोष्टीचा नाद लागतो, म्हणाले. कुणी खरेदी करत सुटतं, कुणी पत्ते खेळत बसतं, कुणी जुना छंद उकरून काढतं आणि त्यातून उठतच नाही. ती गोळी आता हळूहळू बंद करावी लागेल. मग हा ओढा कमी होईल कदाचित.

"पण तो माझाच असेल तर?" काकांनी विचारलं.

"असेलही. तपासून सांगता येईल अशी ही गोष्ट नाही."

रिक्षात काका मध्ये बसले होते. सिग्नलला म्हणाले, "म्हणजे माळ्यावर मी चढलोच नव्हतो. गोळी चढली होती."

"काहीतरी बोलू नका," काकू म्हणाल्या. "पाय तुमचेच होते. स्टूल मी धरलं होतं."

मला काहीतरी बोलायचं होतं. वर्षभर ज्या माणसाला मी सुस्कारे सोडताना पाहिलं, तो खोटा कसा असेल, असं काहीतरी. पण वाक्य जुळेना, आणि घर आलं.

ती गोळी हळूहळू बंद झाली. खिडकीतला माणूस परत आला नाही. मान झुलायची थांबली. काका रात्री शांत झोपतात, असं काकू आईला सांगायच्या. आणि काका टेबलाशी बसायचे थांबले. रागाने थांबले असते तर बरं झालं असतं. ते टेबलाजवळून जायचे, पण त्या विमानाकडे असं बघायचे जसं कुणीतरी आपल्याकडे ठेवायला दिलेलं सामान आहे.

काकूंनी टेबल पुसून ठेवलं. चिमटे, ब्लेड, पॉलिश पेपर ओळीने मांडून ठेवले. आयुष्यभर नाक दाबलेल्या बाईने ग्लूच्या बाटलीचं झाकण सैल करून ठेवलं.

"अहो, आज ऊन छान आलंय. बसता का?"

"कशाला?"

"कशाला म्हणजे काय? विमानाला."

काका खरोखर विचार करत होते. "चेष्टा नाही करत गं. कशाला, ते आठवत नाही. आधी काय वाटायचं, तेच सापडत नाही."

काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि आईजवळ नुसत्याच उभ्या राहिल्या. आईने गॅस बारीक केला. मी पुस्तकात डोकं घातलं, पण मला एक अक्षर दिसत नव्हतं.

माझ्या परीक्षेच्या आधीच्या सुट्टीत, एका दुपारी, काका आपणहून येऊन टेबलाशी बसले. हात आता पूर्वीपेक्षा जास्त हलत होता. मला इतका आनंद झाला की मी पटकन विचारलं, "काका, परत करावंसं वाटलं?"

"नाही."

त्यांनी पॉलिश पेपर उचलला. "तेच बघायचंय. न वाटता होतं का."

ते रोज थोडा वेळ बसायला लागले. ते बघणं सोपं नव्हतं. त्यात कसला उत्साह नव्हता, भांडण नव्हतं, उघडीपही फारशी नव्हती. शिशाची गोळी चिमट्यातून सुटायची आणि फरशीवर घरंगळत जायची. काकू खाली बसून पलंगाखालून ती शोधून आणायच्या आणि त्यांच्या तळहातावर ठेवायच्या. गोळी नाकात घालायला मात्र त्यांनी कुणाला दिली नाही. कधी एका बैठकीत एकच गोळी आत जायची, कधी एकही नाही. एकदा त्यांनी चिमटा भिंतीवर फेकला. थोड्या वेळाने स्वतःच उठून उचलून आणला. तोंडावर कसलाच भाव नव्हता. कुणीतरी रोज पाणी भरतं, तसं ते करत होते.

शेवटी नाक परत चिकटलं. किंचित तिरपं बसलं, फटीतून ग्लू ओघळून वाळला. तो घासून त्यावर रंग चढवणं त्यांच्या हाताला आता शक्य नव्हतं. काकांनी विमान टेबलावर ठेवलं आणि दोन्ही हात मांडीवर घेतले, कारण हात टेबलाला लागले की टेबलही हलायचं.

विमान पुढच्या चाकावर उभं राहिलं. शेपटी हवेत.

"अहो!" काकूंनी तोंडावर हात धरला. "उभं राहिलं की! बरं वाटलं ना?"

काका खूप वेळ बघत होते. मांडीवर त्यांचे हात हलत होते.

"नाही गं," ते म्हणाले. "काहीच वाटत नाही."

काकूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. काका माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे मी आधी कधी पाहिले नव्हते असे दिसत होते, हरवलेल्या माणसाने रस्ता विचारावा तसे.

"पण उभं आहे ना, कॉलेज? नीट बघून सांग."

मी खाली वाकले, टेबलाच्या कडेला डोळे नेले, तिन्ही चाकांखालून पाहिलं. "आहे, काका. उभं आहे."

त्यांनी मान हलवली.

पुढे त्यांना दोघांना मुलगी पुण्याला घेऊन गेली. फ्लॅटमध्ये आता दुसरं कुटुंब आहे, आणि मी कॉलेजच्या लायब्ररीत बसते. निघायच्या दिवशी सामानाचा टेंपो पुढे गेला होता. मी आणि आई गेटपाशी उभ्या होतो. काकूंनी विमान टेंपोत जाऊ दिलं नव्हतं. ते जुन्या सुती साडीत गुंडाळून गाडीच्या मागच्या सीटवर त्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या, एक पंख घडीतून बाहेर आलेला. शेजारी काका. ते दुसऱ्या बाजूच्या काचेतून बाहेर बघत होते. विमानाकडे त्यांनी पाहिलं नाही, आमच्याकडेही नाही.

"पंख टोचतोय का हो तुम्हाला?" काकूंनी विचारलं.

 बाहेरच बघत काका दाराकडे सरकले, आणि त्यांनी पंखाला जागा करून दिली.